चुन्याखालचा कोळसा

नळकोटच्या चावडीची मागची भिंत तीस फूट लांब आणि अकरा फूट उंच होती. ती पूर्ण वाचायला यंत्राला अडतीस दिवस लागले. एकोणतिसाव्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमाराला, उज्ज्वला भोसेकरला तिच्या आईचं अक्षर दिसलं.

या क्षणासाठी तिने नऊ वर्षं घालवली होती. पुण्याच्या कंपनीत ती लागली तेव्हा हे यंत्र नुसतं कागदावर होतं. ते तयार झालं, लेण्यांवर आणि देवळांवर चाचण्या झाल्या, मग राज्यातल्या जुन्या सार्वजनिक जागांमध्ये 'उकलती भिंत' नावाचं कलादालन उभारायचं ठरलं. जागांची यादी निघाली तेव्हा चाळीस नावांत तिने हळूच एकेचाळिसावं घातलं होतं, नळकोट. निवड समितीपुढे तासभर बोलून तिने ते यादीत टिकवलंही होतं. कशासाठी, ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही.

यंत्राचं काम समजायला अवघड नव्हतं. उजेड भिंतीवर येऊन अडतो. रेडिओच्या लहरी भिंतीतून निघून जातात. या दोघांच्या मधल्या पट्ट्यातल्या लहरींना टेराहर्ट्झ म्हणतात, त्या कोरड्या चुन्यात थोड्या शिरतात, आणि जिथे एक थर संपून दुसरा लागतो तिथून त्यांचा बारीकसा अंश परत फिरतो. परत यायला लागलेला वेळ, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही हजारावा हिस्सा, मोजता आला की थर किती खोल आहे ते कळतं. चुना या लहरींना वाट देतो, कोळसा त्या गिळून टाकतो. त्यामुळे कोळशाने लिहून वर कितीही वेळा चुना फासला तरी यंत्राला खालचं अक्षर काळंच दिसतं.

चावडीच्या भिंतीला दोनशे वर्षांत सत्तेचाळीस वेळा चुना दिला गेला होता. प्रत्येक दोन थरांच्या मध्ये नळकोटचा एकेक काळ गाडलेला होता. निजामाच्या अमलातल्या उर्दू सूचना. मलेरियावाल्यांनी फवारणीनंतर गेरूने टाकलेल्या तारखा. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, निवडणुकांच्या निशाण्या, पल्स पोलिओ. हे सगळं लोकांना स्वतःच्या हाताने उघडता यावं अशी कल्पना होती. भिंतीसमोर उभं राहायचं आणि पाटी पुसावी तसा हवेतच हात फिरवायचा. सेन्सर हाताची चाल ओळखत, प्रोजेक्टर त्या जागेवर खालच्या थराचं चित्र टाकत, आणि भिंत खरोखरच सोलली जातेय असं वाटे. भिंतीला बोटही लागत नसे.

पडद्यावर खालून एकेचाळिसावा थर उलगडला. वाकडी, थोराड, एकमेकांना टेकलेली अक्षरं. 'ळ' उलटा.

*माझ दिगू टरक खाली मेल नाही. नळकोटेच्या जयसींगन जीपन उडीवल. दवाखान्याला नेतो मनून उचलल आन कालव्याव नेल. मी बघीतल. हात हालत होता. गोदा.*

उज्ज्वलाने खुर्ची मागे सारली, चावडीच्या पायऱ्यांवर जाऊन बसली आणि बराच वेळ समोरच्या वडाकडे बघत राहिली. मग आत येऊन तिने नोंदवहीत लिहिलं: 'थर ४१. कोळशाचे डाग. वाचता येत नाही.'

*

२००३ सालच्या जून महिन्यात उज्ज्वला दहा वर्षांची होती आणि दिगू पंधरा. दिगू सायकलवरून रानातल्या आईसाठी भाकरी घेऊन निघाला होता. आई, गोदाबाई, सडकेलगतच्या वावरात काडीकचरा वेचत होती. तिने जीप आलेली पाहिली, आवाज ऐकला, आणि ती धावली. ती पोचेपर्यंत जयसिंग नळकोटेने पोराला उचलून मागच्या बाकावर टाकलं होतं. "दवाखान्याला नेतो," म्हणाला. जीप निघाली ती दवाखान्याच्या उलट्या अंगाला. गोदाबाई तिच्या मागे मैलभर पळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिगू कालव्याच्या कडेला सापडला. अनोळखी ट्रकने उडवलं, असं कागदावर आलं. जयसिंग त्या वेळी चोवीस वर्षांचा होता, त्याचे वडील तालुक्याचे कर्तेधर्ते. गोदाबाईची तक्रार कुणी लिहूनच घेतली नाही.

दिगूने आईला लिहायला शिकवलं होतं, अर्ध्या वर्षात जेवढं येईल तेवढं. तिने तेवढ्यावरच भागवलं. बुधवारी, भर बाजारात, चुलीतला कोळसा घेऊन ती चावडीत गेली आणि तिने भिंतीवर लिहिलं. दुपारपर्यंत भिंत पांढरी झाली. आठ दिवसांनी सरकारी गाडी येऊन गोदाबाईला वेड्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. उज्ज्वलाला मावशीकडे सोलापूरला धाडलं. आई दवाखान्यातून परत आलीच नाही. चार वर्षांनी ती गेल्याची तार आली.

"नळकोट्याच्या माणसांनी भिंत पुसली," एवढंच उज्ज्वलाला माहीत होतं. ती माणसं कोण, हे तिने कधी विचारलं नव्हतं. तिला ती सगळी एकाच चेहऱ्याची वाटत.

*

यंत्राला आणखी एक गोष्ट येत होती. चुना देताना कुंचल्याचे केस थरात बारीक रेघा सोडतात. त्या रेघांवरून कुठल्या थरामागे कुणाचा हात आहे ते ताडता येतं. प्रोग्रामने भिंतीवर एकूण तेवीस हात वेगळे काढले होते आणि त्यांना नुसते आकडे दिले होते. आईच्या अक्षरावरचा चुना हात क्रमांक सतराचा होता. डावखुरा. खालून वर फटकारा, आणि शेवटी मनगटाची बारीक गिरकी.

ती गिरकी उज्ज्वलाला पाठ होती. तिचे वडील निवृत्ती पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचे तेव्हा प्रत्येक काना ते तसाच संपवायचे.

काम सुरू झाल्यापासून ती नळकोटला अप्पांकडेच राहत होती. त्या दिवशी ती दुपारीच घरी गेली. अप्पा ऐंशीचे झाले होते. उंबऱ्याशी बसून लसूण सोलत होते, डाव्या हाताने.

"अप्पा, मायनं चावडीवर लिहिलं होतं. त्यावर चुना कुणी दिला?"

"आता कशाला पायजे ते?"

"यंत्र म्हणतंय, डाव्या हाताचा माणूस होता."

अप्पांनी हातातली पाकळी सोलून पूर्ण केली, ताटलीत ठेवली.

"मीच."

उज्ज्वला उभीच होती. 

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला लागतंय? जीप दारात उभी होती. बादली जीपमधीच होती, चुना भिजवून आणला होता. मला म्हणाले, कुंचला तेवढा तुझा घे."

"माय कुठं होती?"

"चावडीत. माझ्या मागं उभी."

"काय म्हणाली?"

"काई नाही. बघत होती." त्यांनी दुसरी पाकळी घेतली. "तू होतीस घरात, उज्जे. दहा वर्साची. ते म्हणाले, एक गेलं, एक हाय अजून."

"म्हणजे माझ्यासाठी पुसलं?"

"तसं मी म्हणत नाही."

"मग काय म्हणता?"

अप्पा पाकळी सोलत राहिले. उज्ज्वला आत जाऊन घटाघटा पाणी प्यायली. तोवर तिच्या रागाला एकच तोंड होतं, आता त्याला दुसरं फुटलं. हे दुसरं जास्त जवळचं होतं. रोज त्याला वाढायचं होतं, त्याच्या डोळ्यांत औषध घालायचं होतं.

"उद्घाटनाच्या दिवशी भिंतीवर तुमचंही नाव येईल, अप्पा," ती बाहेर येऊन म्हणाली. "सगळ्या गावासमोर. नंतर सांगितलं नाही म्हणू नका."

"लिव्ह," अप्पा म्हणाले.

*

जयसिंगराव नळकोटे आता एकसष्ट वर्षांचे होते आणि 'दादासाहेब' होते. दोन कॉलेजं, एक दूध संघ, आणि मराठवाड्यातल्या प्रत्येक सत्काराला पुढची खुर्ची. चावडीचं काम त्यांनीच मार्गी लावलं होतं, त्यालाही कारण होतं. १९४८ साली त्यांच्या आजोबांनी गावाला केलेलं आवाहन याच भिंतीवर लिहिलेलं होतं, असं घरात सांगत. ते सापडलं आणि आपल्याच हाताने उघडलं, तर त्यासारखं दुसरं काय?

उद्घाटनाच्या चार दिवस आधी ते भिंत बघायला आले. सोबत कंपनीचा प्रमुख कौस्तुभ होता.

"पेंटरची मुलगी ना तू?" त्यांनी प्रेमाने विचारलं. "कुठल्या कुठे गेलीस! तुझे वडील म्हणजे आमच्या घरचेच. आमच्या वाड्यावरचं प्रत्येक नाव त्यांच्या हातचं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुझ्या आईचं मात्र फार वाईट झालं. पोराचा धक्का. डोक्यावर परिणाम झाला होता बिचारीच्या."

उज्ज्वलाने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्यात कुठेही खोट नव्हती. सदतीस वर्षांत ते हे इतक्या वेळा म्हणाले होते की आता त्यांना ते खरंच वाटत होतं. तिला वाटत होतं, हा माणूस मनातून भीत असेल, रात्री दचकून उठत असेल. तसं काही नव्हतं. तो सुखात झोपत होता.

"आजोबांचं आवाहन सापडलं का हो?" त्यांनी कौस्तुभला विचारलं.

"सापडलंय, सर. बरंच खाली आहे. तुमच्या हाताने एकेक थर निघत जाईल. आणि काळजी नको, हयात माणसाचं नाव असलेलं काहीही प्रोग्राम आपोआप धूसर करतो. कायदाच आहे तसा."

"उत्तम," दादासाहेब म्हणाले. "नाहीतर जुन्या निवडणुकीत काय काय लिहायचे आमच्याविरुद्ध!"

सगळे हसले. उज्ज्वलाही हसली.

पुढचे चार दिवस तिने शांतपणे काम केलं. धूसर करणाऱ्या नियमातून तिने एकच थर वगळला. नंतर त्या थराला दादासाहेबांच्या देहाशी बांधलं. सेन्सर माणसाची उंची, खांदे, चालण्याची ढब ओळखत. ते भिंतीसमोर असेपर्यंत, हात कसाही फिरवला, पाठ फिरवली, बाजूला सरकले, तरी तो थर त्यांच्यासमोर उघडाच राहील अशी तिने तजवीज केली. नोकरी जाणार हे तिला माहीत होतं. खटलाही होईल. तरी त्या चार दिवसांत तिला जेवण गोड लागलं. शेवटी तिने हात क्रमांक सतराच्या पुढे नाव टाइप केलं.

*

उद्घाटन बुधवारी, बाजारच्याच दिवशी, दिवेलागणीला ठेवलं होतं. चावडीचा चौक भरला होता. भाजीवाल्या बायका टोपल्या मिटून समोर बसल्या होत्या. अप्पा खांबाशी, हातात काठी आणि खांद्याला जुनी पिशवी अडकवून उभे होते.

दादासाहेबांनी हात फिरवला. वरचा पांढरा थर विरला आणि दहा वर्षांपूर्वीची शौचालयाची जाहिरात आली. लोक हसले. पुन्हा हात. आता नळकोटच्या एका जुन्या सरपंचाची सूचना, खाली सही. "आरं, ही तर आपल्या बापूची सही!" कुणीतरी ओरडलं. दादासाहेब रंगात आले. आस्तीन वर सारून ते भराभर हात फिरवू लागले, पोलिओच्या तारखा, साक्षरतेचं घोषवाक्य, एका नाटकाची जाहिरात. त्यांना आजोबांपर्यंत पोचायची घाई झाली होती.

मग एक कोरा पांढरा थर आला. त्याच्या कोपऱ्यात बारीक ओळ: *चुना, जून २००३. हात: निवृत्ती तुकाराम पेंटर.*

दादासाहेबांचा हात निघालेलाच होता. तो फिरला आणि काळी अक्षरं उघडी पडली.

आधी कुणाला काही कळलं नाही. अक्षर वाकडं होतं. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या भाजीवालीने शेजारणीला कोपर मारलं. "काय लिवलंय गं?"

शेजारीण अंगणवाडीत शिकवत होती. तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली, आणि अर्ध्या वाटेवर तिला कळलं आपण काय वाचतोय ते. पण तोवर चौक गप्प झाला होता, आता थांबणंही अवघड होतं. "...मी बघितलं," ती म्हणाली. "हात हालत होता. गोदा."

दादासाहेब हात उलटा फिरवत होते. ते डावीकडे सरकले. अक्षरं डावीकडे आली. ते दोन पावलं मागे गेले, तशी ती मोठी झाली. माणसाने डास हाकलावेत तसे ते दोन्ही हात हवेत मारत राहिले, आणि त्यांच्या प्रत्येक फटक्यासरशी ओळ आणखी ठळक होत गेली. उज्ज्वला बाजूच्या टेबलाशी उभी राहून हे पाहत होती. लहानपणापासून तिने या क्षणाची अनेक चित्रं रंगवली होती. त्यातलं एकही इतकं चांगलं नव्हतं.

कौस्तुभ टेबलाकडे धावला. "बंद कर! काय केलंस हे?"

"प्लग काढ," ती म्हणाली. "वाचून झालंय त्यांचं."

पण दादासाहेब चाळीस वर्षं राजकारणात काढलेला माणूस होता. दिवे लागेपर्यंत त्यांनी रुमालाने तोंड पुसलं होतं. माईक हातात घेऊन ते शांतपणे म्हणाले, "मंडळी, आजकाल काँप्युटर काय वाटेल ते दाखवतो. मेलेल्या माणसाला बोलतं करतो. परवा माझाच एक व्हिडिओ फिरला, मी विमान चालवतोय असा! कुणीतरी मुद्दाम केलेला हा खेळ आहे. बिचाऱ्या एका वेड्या बाईच्या नावाने."

आणि चौक सैल झाला. उज्ज्वलाने ते डोळ्यांनी पाहिलं. माणसं एकमेकांकडे बघून माना हलवू लागली. खरंच की, त्यांनीही पाहिला होता विमानाचा व्हिडिओ. खोटी चित्रं आणि खोटे आवाज गेल्या पंधरा वर्षांत इतके झाले होते की पडद्यावरच्या कशालाही कुणी पुरावा मानत नसे, कोर्टही नाही. सगळी नऊ वर्षं तिने एका यंत्रावर लावली होती, आणि यंत्रावर आता कुणाचाच विश्वास उरला नव्हता. हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. अप्पा भिंतीजवळ गेले. पिशवीतून त्यांनी रंग खरवडायचा पत्रा काढला.

"काका, हात लावू नका! संरक्षित वास्तू आहे!" कौस्तुभ ओरडला.

अप्पांनी भिंतीवर बोटांनी टकटक करून पाहिलं, जरा डावीकडे सरकले, पुन्हा टकटक केलं. मग पत्र्याची धार चुन्यात घातली आणि डाव्या हाताने वर फटकारा मारला. तळव्याएवढी खपली सुटून खाली पडली. पाच-सहा थर एकदम.

"सरस लावला होता म्या, पाट्यांना लावतो तो डिंक," ते भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले. "कोळशावर आधी सरसाचा हात, मग चुना. त्यांना वाटलं पाणीच मारतोय. सरसावर चुना धरत नाही. नुसता टेकून राहतो."

दुसरी खपली. तिसरी. दिवे लख्ख लागलेले होते, प्रोजेक्टर बंद होता, आणि खऱ्या भिंतीवर खरा कोळसा दिसत होता: *हात हाल*

म्हातारी भाजीवाली उठली. तिने जवळ जाऊन अक्षरावर बोट टेकवलं आणि बोट सगळ्यांना दाखवलं. काळं झालं होतं.

दादासाहेबांनी माईक खाली ठेवला. ते पायऱ्या उतरून गाडीकडे गेले. कुणी अडवलं नाही. पण वाटेत उभ्या असलेल्या एकानेही नमस्कार केला नाही.

*

पुढचं सगळं कायद्याने झालं. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड पितो आणि त्याचा पुन्हा दगड होतो, म्हणजे त्या वर्षाची हवा थरात कोंडली जाते. विसाव्या शतकातल्या अणुचाचण्यांमुळे हवेतल्या कार्बनचं एक प्रमाण दरवर्षी थोडं थोडं बदलत गेलंय; ते मोजलं की साल निघतं. प्रयोगशाळेने साल काढलं: २००२ ते २००४. हे कुठल्याही काँप्युटरला मागे जाऊन करता येणार नव्हतं. सदतीस वर्षं न झालेला खटला उभा राहिला. उज्ज्वलाची नोकरी गेली. वास्तूचं नुकसान केल्याबद्दल अप्पांवर वेगळा खटला लागला.

पुरावा म्हणून भिंत तशीच ठेवायचा हुकूम झाला. निकाल लागेपर्यंत तिच्यावर पडदा टाकायला कोर्टाची हरकत नव्हती, फक्त तक्रारदाराची संमती हवी होती. तक्रारदार उज्ज्वला होती. ती संमती देईना.

चार महिन्यांनी दादासाहेब दुपारचे तिच्या घरी आले. एकटे, पायी. दारातच उभे राहिले.

"माझी नात रोज तिथून शाळेत जाते," ते म्हणाले. "पोरं तिला बघून हात हलवतात. नुसता हात हलवतात. ती जेवत नाही गं. पडदा तेवढा टाक. खटल्याचं होईल ते होईल."

उज्ज्वलाला नातीचं वाईट वाटलं नाही असं नाही. पण तिला आपलंही दहावं वर्ष आठवलं, मावशीकडचं, शाळेत 'येडीची पोरगी' म्हणून हाक मारत ते.

"टाकते," ती म्हणाली. "बुधवारी बाजारात या. भिंतीवरचं मोठ्याने वाचा. तुम्ही स्वतः. लगेच टाकते."

"वकील नाही म्हणेल."

"मग नका येऊ."

ते आले. दुसऱ्याचं लिहिलेलं वाचणं म्हणजे कबुली नव्हे, असं वकिलाने सांगितलं असावं. बाजार थांबला. दादासाहेबांनी चष्मा लावला आणि कोर्टात शपथपत्र वाचावं तसं, एका सुरात, ते वाचत गेले. "माझं दिगू ट्रकखाली मेलं नाही. नळकोटेच्या जयसिंगानं..." स्वतःच्या नावापाशीही ते अडखळले नाहीत. "...मी बघितलं. हात हालत होता."

इथे ते थांबले. एकच शब्द उरला होता, गोदाबाईचं नाव. तो त्यांनी वाचला नाही. चष्मा काढला.

"हालत होता," ते म्हणाले. या वेळी सूर वेगळा होता. "कालव्यावर पोचलो तेव्हासुद्धा हालत होता."

वकील पुढे आला आणि दंडाला धरून त्यांना घेऊन गेला. बाजारात अडीचशे माणसं होती. त्यांच्यातला प्रत्येक जण साक्षीला येणार होता.

 उज्ज्वलाला हेच हवं होतं. सदतीस वर्षं हेच. तिने पडद्याची दोरी हातात घेतली. शब्द पाळायचा होता.

"थांब," अप्पा म्हणाले.

काठी टेकत ते भिंतीसमोर आले, जिथे दादासाहेब उभे होते तिथेच. बाजाराकडे तोंड केलं.

"चुना म्या दिला," ते म्हणाले. "ते ठाव हाय तुम्हाला. दुसरं ठाव नाही. गोदाला दवाखान्यात न्यायला नवऱ्याचा अर्ज लागतो. बायको येडी झाली, घरात ठिवणं धोक्याचं हाय, असा. सरकारी गाडी आपली आपण आली नव्हती. अर्जावर सही माझी होती. ती येडी नव्हती. मला माहीत होतं ती येडी नव्हती. ती पुन्हा लिवणार म्हणत होती, म्हणून म्या सही केली."

 उज्ज्वलाच्या हातात दोरी तशीच होती. आईने दवाखान्यातून मावशीच्या पत्त्यावर पाठवलेली पत्रं तिला आठवली, दोन-दोन ओळींची. प्रत्येक पत्रात एकच विचारलेलं असायचं, 'अपा कधी येनार न्यायला.'

"तिला कळलं होतं?" तिने विचारलं. 

"नाही," अप्पा म्हणाले. "ती वाट बघत होती माझी."

उज्ज्वलाने दोरी ओढली. पडदा खाली आला. तिने दोरीला दोन गाठी मारल्या, खाली उतरली आणि चौकात उभ्या असलेल्या एका रिक्षावाल्याला हाक मारली. अप्पांच्या काखेत हात घालून तिने त्यांना रिक्षात बसवलं, काठी पायाशी ठेवली, घराचा पत्ता सांगितला.

"तू?" अप्पांनी विचारलं.

"डोळ्यातलं औषध फडताळात आहे," ती म्हणाली. "आजपासून तुमचं तुम्ही घाला."

रिक्षा निघाली. ती वळेपर्यंत उज्ज्वला उभी राहिली. मग ती चालत निघाली, घराच्या दिशेने नव्हे, सडकेने सरळ, माय जीपमागे पळाली होती त्या वाटेने, कालव्याकडे.